इंजिनाचं काम झालं, आता कार्बोरेटर कसा जुळवायचा?

पारोळा सोडून एरंडोलकडे निघालो होतो. मे महिना, दुपारचा दीड. बुलेट नुकतीच गॅरेजातून आलेली. नवा पिस्टन, हेडचे पोर्ट (हवा आत आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटा) घासून मोकळे केलेले, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि मूळ डब्याच्या जागी फोमचा उघडा फिल्टर. गाडी अशी पळत होती की ऊन लागतच नव्हतं. मग एकाएकी आवाज कोरडा झाला, ओढ गेली आणि मागचं चाक रस्त्यावर घासायला लागलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. इंजिन जाम.

खोलल्यावर पिस्टनच्या कडेला ओरखडे दिसले आणि प्लग खडूसारखा पांढरा. सायलेन्सर बदलला, फिल्टर बदलला, पोर्ट मोकळे केले, पण कार्बोरेटरातले (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातले) जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे, कंपनीचेच राहिले होते. त्यावर कडी म्हणजे पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई ॲव्हरेजसाठी एक खाच खाली उतरवलेली. गॅरेजवाल्याला एकट्याला बोल लावत नाही. "ॲव्हरेज पडता कामा नये" म्हणून त्याच्या मागे मीच लागलो होतो, आणि नव्या पिस्टनचं रनिंग-इन (सांभाळून चालवून तो सिलेंडरात नीट बसवणं) व्हायच्या आत गाडी ८० वर ताणणाराही मीच.

त्यानंतर चार महिने, एक वही आणि डझनभर जेट खर्ची घालून जे शिकलो ते इथे लिहितो. उदाहरणं माझ्या २००३ च्या कास्ट आयर्न बुलेट ३५० ची आहेत, तिला मिककार्ब व्हीएम २४ कार्बोरेटर आहे. पण आरएक्स १०० असो की जुनी स्प्लेंडर, तर्क तोच. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर तिला बहुतेक फ्युएल इंजेक्शन असतं, तिचा प्रश्न वेगळा.

१. आधी ठरवा: जेट बदलायची गरज आहे का?

आपल्याकडे "इंजिनाचं काम केलं" म्हणजे दहापैकी आठ वेळा रीबोर, झिजलेला सिलेंडर कापून जरा मोठा पिस्टन टाकणं. स्प्लेंडरचा बोअर (सिलेंडरचा व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५, म्हणून ती ९७.२ सीसी. तिला पूर्ण १ मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाकला तरी गाडी १०१ सीसीची होते. ही वाढ चार टक्के. एवढ्यासाठी जेट बदलू नका, कार्बोरेटर साफ करा, आयडलिंग (मूठ सोडल्यावर इंजिन चालण्याचा वेग) लावा आणि निघा.

जेट बदलावे लागतात ते इंजिन जास्त हवा ओढायला लागतं तेव्हा. मोकळा सायलेन्सर, उघडा फिल्टर, वेगळा कॅम (वॉल्व्ह उघडणारा भाग), घासलेले पोर्ट, किंवा मोठी बोअर किट. बुलेट ३५० चा बोअर ७० आणि ५०० चा ८४ मिलिमीटर, स्ट्रोक दोन्हींचा ९०. म्हणजे ३४६ सीसीची ४९९ झाली. तिथे जुना कार्बोरेटरच अपुरा पडतो, जेटने भागत नाही.

सायलेन्सर आणि फिल्टर दोन्ही एकदम बदलले असतील तर धोका सगळ्यात जास्त, कारण हवा दोन्ही टोकांनी मोकळी झाली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं. हवा जास्त, पेट्रोल कमी याला गॅरेजात लीन म्हणतात, उलट असेल तर रिच. रिच गाडी पेट्रोल पिते, काळा धूर सोडते, प्लग काळा करते, तुमचे पैसे खाते. लीन गाडी पिस्टन खाते. शंका असेल तिथे रिचच्या बाजूला राहा.

२. कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२ए प्रमाणे मालकाने असा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर चौकात सगळ्यात आधी पकडला जातो. सीसी बदलत असेल किंवा इंजिनच दुसरं बसवत असाल तर काम करण्याआधी आरटीओत विचारा, मग ते जळगावचं एमएच १९ असो, धुळ्याचं १८ की नंदुरबारचं ३९.

गाडीत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि इंजिनकामाचं बिल ठेवा. पीयूसीला मात्र जेट बदलण्याआधी नव्हे, सगळं जुळवून झाल्यावर जा. २००० नंतरच्या जुन्या दुचाकींना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के होती, नव्या बीएसच्या गाड्यांना ती आणखी कडक आहे. आयडलिंग फार रिच ठेवलं तर पीयूसीचं मशीन लगेच बोलतं. ते मशीन ट्यूनिंगलाही उपयोगी पडतं, त्याबद्दल पुढे.

३. सामान

जेट: आहे त्याच्यापेक्षा मोठे मेन जेट चार-पाच मापांचे, पायलट जेट दोन मापांचे. ज्या कंपनीचा कार्बोरेटर त्याच कंपनीचे घ्या. मिकुनीचा ९० आणि केहिनचा ९० एक नाही, दोघांची मापायची पद्धत वेगळी. केहिन भोकाचा व्यास सांगते, मिकुनीचे षटकोनी जेट त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावर. बाजारात डुप्लिकेट जेटही भरपूर मिळतात, त्यांच्यावरचा आकडा निव्वळ शोभेचा असतो. जळगावात मला दोनच मापं मिळाली, बाकीचे पुण्याहून मागवले.

हत्यारं: नीट बसणारा फुली स्क्रू ड्रायव्हर (घासलेला नको, बाऊलचे, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचे, पेच एकदा गोल झाले की मग पक्कड आणि शिव्या), लहान चपटा स्क्रू ड्रायव्हर, प्लगपाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), दोन नवे प्लग, कार्ब क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, पांढरी चिकटपट्टी, पसरट ताटली. आणि वही. वहीशिवाय सुरू करू नका.

जेटचं भोक साफ करायला स्टीलची तार किंवा सुई कधीच वापरू नका. भोक मोठं होतं आणि ९० चा जेट ९४ चा होऊन बसतो, हे कळतही नाही. वायरीतली तांब्याची एखादी बारीक काडी चालते, पण पंक्चरवाल्याकडची हवा त्याहून बरी.

४. कार्बोरेटर कुठे काय करतो

एवढं एक कळलं की बाकीचं अर्ध काम झालं. ॲक्सिलरेटर किती पिळला आहे त्यावर कार्बोरेटरचा वेगवेगळा भाग कामाला लागतो. मूठ सोडलेली असताना ते पाव पिळेपर्यंत पायलट जेट आणि बाजूचा एअर स्क्रू. पावपासून पाऊणपर्यंत स्लाइडमधली (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेतली) सुई. पाऊणच्या पुढे पूर्ण मुठीपर्यंत मेन जेट. हे भाग एकमेकांत थोडे मिसळतात, एकाने बंद केल्यावर दुसरा सुरू होतो असं नाही. म्हणून एक बदलला की शेजारचा पुन्हा तपासावा लागतो.

इथे नव्या माणसाची नेहमीची चूक होते. गाडी ६० वर मिसिंग करते, म्हणून तो मेन जेट बदलतो. पण बुलेट ६० वर पाव-अर्ध्या मुठीवर चालते, तिथे मेन जेटचा संबंधच जेमतेम. वेग बघू नका, मूठ बघा.

म्हणून चिकटपट्टी. मुठीवर एक पट्टी, तिच्या शेजारच्या स्थिर भागावर दुसरी, आणि पेनाने खुणा: बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. गाडी चालवताना त्रास नेमका कोणत्या खुणेवर होतो ते वहीत. माझ्या वहीचं पहिलं पान असं आहे: "पाव-अर्धा, चढावर, गरम असताना, ढकलल्यासारखी." त्या एका ओळीने सुई सापडली.

५. कार्बोरेटरला हात लावण्याआधी

चोपड्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे मी कार्बोरेटरची पिशवी घेऊनच गेलो होतो. त्यांनी पिशवीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "भो, पहिले हवा कथाइन घुसी राहिनी ते देख, मंग जेटले हात लाव." (आधी हवा कुठून घुसते ते बघ, मग जेटला हात लाव.)

हवा खरंच घुसत होती. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग एका बाजूने चिरलं होतं. असल्या फटीने गाडी लीन होते आणि तुम्ही जेट वाढवत बसता. शोधायला सोपं आहे: गाडी आयडलवर ठेवा, सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आयडल बदललं तर फट तिथेच. काही जण पेट्रोल किंवा स्प्रे मारतात. गरम सायलेन्सरच्या वीतभर अंतरावर हा उद्योग करू नका.

मग टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची फट. कास्ट आयर्न बुलेटला थंड इंजिनावर पुशरॉड (वॉल्व्ह ढकलणारी दांडी) बोटाने सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. ठिणगीसाठी जुने पॉईंट असतील तर त्यांची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. प्लग नवा. कम्प्रेशन वाढवलं असेल तर टायमिंग (ठिणगीची वेळ) मिस्त्रीकडून तपासून घ्या, कारण जास्त आगाऊ टायमिंगची खडखड आणि लीनची गरमी सुरुवातीला सारखीच वाटते.

पेट्रोलची नळी काढून नळ सोडा. धार सरळ, अखंड पडली पाहिजे. जुन्या टाकीतला गंज नळाच्या जाळीत बसतो, आणि मोठा मेन जेट लावूनही बाऊल भरतच नाही.

६. उघडा, आकडे लिहा, साफ करा

गाडी थंड. नळ बंद. बिडी-सिगारेट लांब, घरातला देवाचा दिवाही लांब. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकते, म्हणून बंद खोलीत नाही, अंगणात. बाऊल उघडताना खाली ताटली धरा, नाहीतर जेट मातीत जातो. आमच्या काळ्या मातीत पितळेचा जेट शोधणं म्हणजे काय ते मला विचारा.

काही काढण्याआधी एअर स्क्रू. आत हळू फिरवा आणि किती फेरे झाले ते मोजा, टेकला की थांबा. आवळू नका, टोक मोडतं. मोजलेला आकडा वहीत. मग मेन जेट आणि पायलट जेटवरचे आकडे, आणि सुईची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ते. माझ्याकडून निघालं: मेन ९०, पायलट २५, क्लिप वरून दुसऱ्या खाचेत, एअर स्क्रू अडीच फेरे. कंपनीने क्लिप तिसऱ्या खाचेत दिली होती, ॲव्हरेजवाली खाच ती दुसरी.

सुईचं गणित इथेच पाठ करा. क्लिप वरच्या खाचेत गेली की सुई खाली बसते, म्हणजे लीन. क्लिप खालच्या खाचेत गेली की सुई वर येते, म्हणजे रिच. सगळेच यात एकदा तरी उलटं करतात.

एअर स्क्रूतही तशीच गफलत. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की रिच, बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, तिथे सगळं उलट. व्हीएम २४ चा हवेचा आहे. शेजारी दुसरा, स्लाइड उचलणारा स्क्रू असतो, तो फक्त आयडल वाढवतो-घटवतो. त्याला एअर स्क्रू समजून फिरवत बसलेला माणूस मी पाहिला आहे, आणि तो मीच होतो.

फ्लोटची (बाऊल भरला की पेट्रोल थांबवणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई बघा. रबरी टोकावर गोल खाच पडली असेल तर बदला, ओव्हरफ्लो तिथूनच होतो. ओव्हरफ्लो चालू असताना केलेलं ट्यूनिंग वाया.

७. रनिंग-इन होईपर्यंत थांबा

नवा पिस्टन, नव्या रिंगा असतील तर पहिले ५०० किलोमीटर पूर्ण मूठ नाही. म्हणजे मेन जेटची खरी चाचणीही नाही. मग करायचं काय? मेन जेट तीन-चार मापं मोठा घाला, सुई एक खाच रिच करा आणि सांभाळून चालवा. गाडी थोडी जड वाटेल, ॲव्हरेज पडेल. पडू द्या. मी दुसऱ्या खेपेला ११० घालून ६०० किलोमीटर काढले, शेजारचे काका रोज विचारायचे, "काय रे, रॉकेलवर चालवतो का?"

८. मेन जेट

पायलटआधी मेन, असं मी करतो. काही मिस्त्री उलटं सांगतात आणि त्यांच्याही गाड्या चांगल्या चालतात. माझं कारण एवढंच, की पूर्ण मुठीवर लीन असेल तर इंजिन जातं, आयडलवर लीन असेल तर फक्त बंद पडतं. गाडी निदान नीट सुरू होऊन चालावी एवढं आयडल मात्र आधी लावून घ्या.

पहाटे सहाला गावाबाहेरचा मोकळा, सरळ रस्ता धरा. महामार्गावर नको, रावेर-सावद्याकडून केळीचे ट्रक रात्रभर चाललेले असतात आणि पहाटे ड्रायव्हर झोपेत. हेल्मेट घाला. टॉप गिअरची गरज नाही, तिसऱ्यात पूर्ण मूठ पुरते.

मोठ्या जेटपासून सुरू करा आणि खाली या, कधीही उलट नाही. इंजिन गरम झालं की तिसऱ्यात मूठ पूर्ण पिळा, गाडी ओढायला लागली की मूठ जराशी, अगदी एक-अष्टमांश, मागे घ्या आणि ऐका:

गाडीने उलट थोडी उसळी घेतली, तर मेन जेट लहान आहे. ताबडतोब थांबा आणि वाढवा.
अडखळली, मिसिंग केली, तर मोठा आहे. एक माप खाली या.
किंचित मंदावली, बाकी काही नाही, तर जागेवर आहे.

वहीत माझं: ११० वर भरभर आवाज, काळा धूर. १०५ वर किंचित मंदावली. हौस म्हणून १०० घातला तर उसळी. पुन्हा १०५.

आता प्लग. नवा प्लग लावा, पूर्ण मुठीवर थोडं अंतर ओढा, त्याच क्षणी क्लच दाबून किल-स्विच मारा आणि गाडी घरंगळत थांबवा. आयडलवर चालवत घरी आणलेला प्लग काहीच सांगत नाही, तो फक्त आयडल सांगतो. पोर्सेलीन (प्लगच्या टोकाचा चिनी मातीचा भाग) फिकट तपकिरी असेल तर बरं. पण आताच्या पेट्रोलवर प्लग पूर्वीपेक्षा फिकटच दिसतो, जुन्या मिस्त्रींच्या 'चहाच्या रंगा'ची वाट पाहिली तर गाडी भलतीच रिच होऊन बसेल. मी प्लगवर थोडा आणि उसळीच्या चाचणीवर जास्त विश्वास ठेवतो.

९. पायलट आणि एअर स्क्रू

गाडी पूर्ण गरम, दहा-पंधरा किलोमीटर चालवून आलेली. थंड गाडीवर आयडल लावणं हा रोज सकाळी दारोदार दिसणारा प्रकार आहे, दुपारी तीच गाडी सिग्नलला भणभणत राहते.

आयडल थोडं वाढवून ठेवा. एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. आयडल जिथे सगळ्यात वर जातं तिथे थांबा. मग स्लाइडचा स्क्रू सोडून आयडल खाली आणा. हे दोनदा करा.

आता मोजा. स्क्रू एका फेऱ्याच्या आतच चांगला बोलत असेल तर पेट्रोल कमी पडतं आहे, पायलट मोठा घाला. तीन फेऱ्यांच्या बाहेर गेला तर पायलट लहान करा. दीड ते अडीचमध्ये राहिला तर जिंकलात. २५ च्या पायलटवर माझा स्क्रू जवळजवळ टेकलेलाच होता, ३० घातल्यावर पावणेदोन फेऱ्यांवर बसला. मूठ सोडल्यावर सायलेन्सरात फुटणारे फटाकेही त्या दिवशी थांबले. फ्री-फ्लो सायलेन्सरवाले ते फटाके कौतुकाने ऐकवतात. बहुतेक वेळा ते लीन पायलटचं किंवा सायलेन्सरच्या सैल पॅकिंगचं रडणं असतं.

पीयूसी केंद्र ओळखीचं असेल तर इथे त्यांचं मशीन लावून बघा. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आणि तुमचा कान सारखंच सांगतायत का, ते कळतं.

१०. सुई

मूठ पाव ते पाऊण, इथेच गाडी रोज चालते, आणि ॲव्हरेजही इथेच ठरतं. एकसारख्या वेगाने अर्ध्या मुठीवर चालवा आणि चोक क्षणभर अर्धा ओढा. गाडी सुधारली तर लीन, क्लिप एक खाच खाली. आणखी बिघडली तर ठीक किंवा रिच. चढावर ढकलल्यासारखी, घुटमळत चालत असेल तर लीन. मूठ पटकन उघडल्यावर जड होत असेल, थंड असताना बरी आणि गरम झाल्यावर मंद असेल, तर रिच.

या चाचणीला चाळीसगावहून कन्नडला चढणारा घाट उत्तम. फक्त शनिवार-रविवारी जाऊ नका, गर्दीत उभं राहून क्लच जाळाल.

माझी क्लिप दुसऱ्यावरून चौथ्या खाचेत गेली, मग परत तिसऱ्यात आली आणि तिथेच राहिली. सुई बदलल्यावर एअर स्क्रू पुन्हा पाव फेरा इकडेतिकडे करावा लागतो, त्याचा कंटाळा करू नका.

व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणारा सीव्ही कार्बोरेटर असेल, म्हणजे बऱ्याच १५० सीसीच्या गाड्या, तर सुईला खाचाच नसण्याची शक्यता मोठी. तिथे सुईखाली पातळ वायसर घालून ती उचलतात. वरच्या टोपणाखालचा रबरी पडदा बोटाने उजेडात ताणून बघा, टाचणीएवढं छिद्रही गाडी अडवतं. आणि त्या पडद्यावर कार्ब क्लीनर मारू नका, रबर फुगतं.

११. पेट्रोल, ऊन आणि तोरणमाळ

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. म्हणजे तोच जेट, तीच गाडी, पण आता सात-आठ टक्के लीन. आमच्या जुन्या गाड्यांचे जेट शुद्ध पेट्रोलच्या काळात ठरलेले. इंजिनाला हात न लावताही कित्येक गाड्यांना एक माप मोठा मेन जेट मानवतो, त्याचं कारण हे. पावसाळ्यात इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून आठ-दहा दिवस उभी असलेली गाडी काढताना बाऊलचा खालचा पेच सोडून थोडं पेट्रोल सांडू द्या.

ऊन. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे १० च्या आसपासही उतरतो. ४५ अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा साधारण १२ टक्के दाट. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी तंतोतंत जुळवलेली गाडी जानेवारीत लीन निघते. म्हणून मी शेवटचं मेन जेट हिवाळ्यात पहाटे तपासलं. उन्हाळ्यात ती जराशी रिच चालते, चालू दे. भर दुपारी जेवायला थांबून गाडी सुरू होईना झाली तर लगेच जेटला दोष देऊ नका, बाऊलमधलं पेट्रोल उकळून वाफ झालेली असते. सावलीत लावा, नळ बंद ठेवा, शेवभाजी आरामात खा.

तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर, जळगाव जेमतेम २०० मीटरवर. वर हवा दहाएक टक्के विरळ, गाडी आपोआप रिच होते, मंद वाटते. एका दिवसासाठी जेट बदलू नका. फार भणभणली तर एअर स्क्रू अर्धा फेरा बाहेर आणि खाली शहाद्याला उतरल्यावर आठवणीने परत आत. विसरलात तर सपाटीवर ती लीन.

१२. फिल्टरबद्दल माझं मत

उघड्या फोमच्या फिल्टरने आवाज छान येतो. पण कपाशीच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्याने, नाहीतर काळ्या मातीच्या शिवाररस्त्याने आठवडाभर फिरा आणि फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. माझ्या बोटाला धूळ लागली. जी बोटाला लागली तीच सिलेंडरात गेली. तेल न लावलेला फोम तर जवळजवळ चाळणीच. सहा महिन्यांनी मी मूळ डबा आणि कागदी फिल्टर परत लावला, सायलेन्सर पुढच्या पीयूसीआधी कंपनीचा बसवला. मग जेट पुन्हा जुळवावे लागले, पण वही असल्यामुळे एका सकाळचं काम. आता मेन १००, पायलट ३०, क्लिप तिसरी, एअर स्क्रू दोन फेरे. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत. तुमच्या गाडीत तसेच घालून थांबू नका, सुरुवातीला फार तर अंदाज म्हणून वापरा.

ट्यूनिंग झाल्यावर ५०० किलोमीटरनी पुन्हा एकदा: इनटेकचे नट आवळा, टॅपेट बघा, प्लग काढून रंग बघा, बाऊलच्या पॅकिंगमधून पेट्रोल झिरपतंय का ते कोरडं बोट फिरवून बघा. जुने जेट फेकू नका. माझे सगळे एका छोट्या डबीत आकड्यांच्या चिठ्ठ्या लावून टूलबॉक्समध्ये आहेत, आणि त्यात तो ९० चाही आहे.